ड्रिलच्या धारेसाठी यंत्र निवडताना

कॅडेट मित्रांनो, घरच्या वर्कशॉपसाठी ड्रिल बिटला धार लावणारे यंत्र घेताना मी किमतीआधी तीन गोष्टी पाहतो.

१. कोन : साध्या कामाला ११८ अंश, कठीण पोलादाला १३५. यंत्रावर दोन्ही लावता यावेत.

२. पकड : टोकाच्या दोन्ही कडा समान घासल्या गेल्या पाहिजेत. एक कड लांब राहिली, तर भोक बिटापेक्षा मोठे पडते आणि बोल्ट सैल बसतो.

३. चाक : हायस्पीड स्टीलला ॲल्युमिनियम ऑक्साइडचे चालते, कार्बाइडला हिऱ्याचे लागते.

बेंच ग्राइंडर असेल, तर कोन धरणारा जिगही पुरतो. खरेदीपूर्वी बोथट बिटला धार लावून लोखंडी पट्टीत भोक पाडून पाहा. दोन्ही खाचांतून सारखाच कीस निघाला, तर यंत्र खुशाल घ्या. गॉगल मात्र त्याआधी घ्या!