दूरच्या विद्यार्थ्याशी संवाद

विद्यापीठीय शिक्षण वर्गाच्या चार भिंतींबाहेर नेण्याचा उपक्रम आपल्या देशात १९६२ साली दिल्ली विद्यापीठाच्या पत्रद्वारा शिक्षणक्रमाने सुरू झाला. पुढे १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. कामगार, शेतकरी, गृहिणी अशा असंख्यांना त्यामुळे पदवीचे दार खुले झाले. परंतु घरी एकट्याने अभ्यास करताना शंका आली, तर ती विचारावयाची कोणाला? उत्तर देणारे कोणी नसेल, तर असा विद्यार्थी तक्रार न करता शिक्षण सोडून देतो. दूरशिक्षणाचे यशापयश म्हणूनच संवादावर अवलंबून आहे.

संवादाचे तीन प्रकार

अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ मायकेल मूर यांनी १९८९ मध्ये या संवादाचे तीन प्रकार सांगितले : विद्यार्थ्याचा पाठ्यविषयाशी, शिक्षकाशी आणि सहाध्यायांशी होणारा संवाद.

पहिला प्रकार पुस्तकातूनच साधतो. स्वयं-अध्ययनासाठी लिहिलेल्या पुस्तकात दोन-तीन पानांनंतर एखादा प्रश्न असतो, उत्तरासाठी जागा असते आणि नमुना उत्तर घटकाच्या शेवटी दिलेले असते. विद्यार्थी वाचता वाचता स्वतःची परीक्षा घेतो.

दुसरा प्रकार गृहपाठातून घडतो. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने १९७१ मध्ये अध्यापन सुरू केले तेव्हापासून तपासलेल्या गृहपाठावरील शिक्षकाच्या लेखी अभिप्रायास मोठे महत्त्व दिले आहे. नुसते गुण पुरेसे नसतात. उत्तर कोठे चुकले, का चुकले आणि पुन्हा काय वाचावे, हे चार ओळींत लिहिले पाहिजे. तेही वेळेवर, परीक्षेनंतर हाती आलेला अभिप्राय निरुपयोगी होय.

तिसरा प्रकार बहुधा दुर्लक्षित राहतो. अर्थशास्त्रात किंमतनिश्चिती शिकविताना निफाडच्या विद्यार्थ्याने लासलगावच्या बाजारातील कांद्याचे, तर सांगलीच्या विद्यार्थ्याने हळदीचे भाव चार आठवडे नोंदवावेत आणि दोघांनी दूरध्वनीवरून त्यांची तुलना करावी. असा पाठ सहसा विसरला जात नाही.

साधने आणि पद्धती

१९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखविण्यात आले. त्या प्रयोगात गावकरी पाहत व ऐकत. पडद्यावरील वक्त्यास विचारण्याची सोय नव्हती. २००४ मध्ये सोडलेल्या एज्युसॅट या शैक्षणिक उपग्रहामुळे केंद्रावरील विद्यार्थ्यांना दूरच्या शिक्षकास प्रश्न विचारणे शक्य झाले. २०२० च्या महामारीत तर महाविद्यालये बंद होऊन शिकवणी मोबाइलवर आली. तेव्हा अनेक शिक्षकांना निःशब्द पडद्यापुढे तासभर बोलावे लागले. साधन दुहेरी असले तरी पद्धत एकेरीच राहिली, हे त्याचे एक कारण होय.

यासाठी काही साधे नियम उपयुक्त ठरतात. दहा-पंधरा मिनिटे विषय मांडून थांबावे व प्रश्न विचारावा. उत्तर प्रत्येकाकडून लेखी घ्यावे, म्हणजे लाजाळू विद्यार्थीही सहभागी होतो. चार-पाच जणांचे गट करून प्रत्येकास काम द्यावे. जेथे संपर्क क्षीण आहे, तेथे चित्राऐवजी ध्वनिमुद्रित पाठ पाठवावा व शंकांसाठी दूरध्वनीची ठराविक वेळ ठेवावी. ती वेळ मात्र कसोशीने पाळावी.

गावाचा वाटा

हे कार्य एकट्या विद्यापीठाचे नाही. ग्रामपंचायतीने वाचनालयाची किंवा शाळेची एक खोली वीज व इंटरनेट-जोडणीसह सायंकाळी दोन तास उपलब्ध करून दिली, तर गावातील दूरशिक्षणाचे विद्यार्थी एकत्र बसू शकतील. स्वतःचा मोबाइल नसलेल्या मुली व सुना यांना तिचा विशेष लाभ होईल. गावातील शिक्षकाने आठवड्यातून एकदा तेथे डोकावावे. अशा विद्यार्थ्यांची यादी ग्रामपंचायतीपाशी असावी आणि कोणी येईनासे झाले, तर घरी जाऊन विचारपूस व्हावी. एवढ्या आस्थेनेही अर्ध्यावर थांबणारे एखादे शिक्षण पदवीपर्यंत पोहोचू शकेल.