कागदाची फुले

इ.स. ६८० मध्ये इराकमधील करबला येथे इमाम हुसेन यांना हौतात्म्य आले. त्यांच्या कबरीवरील वास्तूची प्रतिकृती म्हणजे ताजिया. आपण त्यालाच ताबूत म्हणतो. मोहरमसाठी दिल्लीतील कारागीर बांबूच्या कामट्यांचा सांगाडा उभारून तो रंगीत कागदाने मढवतात. फुलासाठी पातळ कागदाचे थर एकावर एक ठेवावे, चुण्या घालून मध्यभागी दोऱ्याने आवळावे आणि एकेक पाकळी हलक्या हाताने उलगडावी. घाई केली की कागद फाटलाच!

एवढे नाजूक काम, पण ते जपून ठेवायचे नसते. महाराष्ट्रात ताबूत बहुधा पाण्यात विसर्जित करतात. दिल्लीत मात्र मोहरमच्या दहाव्या दिवशी अनेक ताजिये मिरवणुकीने जोरबाग येथील करबला याच नावाच्या जागी नेतात व फुलांसह मातीत पुरतात.