पेन घट्ट आवळू नका

प्रश्न : चित्र काढणाऱ्या रोबोटिक हाताला पेन घट्ट बांधलं, तरी रेघ मध्येच तुटते, कुठे कागदही फाटतो. काय करू?

उत्तर : घट्टपणाच नडतोय. टेबल कधीच पुरतं सपाट नसतं. पेन उभ्या सरकपट्टीवर मोकळं ठेवा. दाब त्याच्या वजनाने किंवा मऊ स्प्रिंगने येऊ द्या. सर्वो मोटरने पेन फक्त उचलावं, खाली दाबू नये. स्केचपेनला स्वतःचं वजन बहुधा पुरतं. बॉलपेन हट्टी, त्यावर एखाददुसरा नट चढवा. पकडीला गोल भोकाऐवजी ‘व्ही’ आकाराची खाच आणि स्क्रू द्या, म्हणजे जाड-बारीक दोन्ही पेनं बसतील. मात्र जाडी बदलली की टोक किंचित सरकतं. तेवढा फरक प्रोग्रॅममध्ये भरा, नाहीतर रंग रेघेबाहेर जातील.