हवामानाचा आकडा आणि आपले पत्र्याचे घर



सोयाबीन सोंगायला आले की वस्तीतल्या बाया हमखास विचारतात, "ताई, पाऊस गेला का आता?" मोबाईलवर बुलडाणा जिल्ह्याचा अंदाज उघडून मी सांगते, "आकाश निरभ्र, चौतीस अंश." ऐकणारीला वाटते, चला, बरे दिवस आले. खरे तर आश्विन आणि कार्तिक हे दोन महिने आपल्या सुलतानपूर-लोणार-मेहकर पट्ट्यात अंगाला फार फसवतात. दुपारी ऊन, सायंकाळी वीज, पहाटे थंडी, सगळे एकाच दिवसात.

आधी तो चौतीसचा आकडा कुठून येतो ते समजून घेऊ. हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या लाकडी पेटीत असतो. पेटी जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंच असते, तिला झडपा असतात, ऊन थेट लागत नाही पण वारा खेळतो. म्हणजे चौतीस अंश हे सावलीतले तापमान. उघड्या वावरात वाकून सोंगणी करणाऱ्या बाईच्या डोक्यावर, किंवा तापलेल्या पत्र्याखाली झोळीत झोपलेल्या लेकरापाशी ते कितीतरी जास्त असते.

दुसरी गोष्ट, जिल्हा एक असला तरी हवा एक नसते. बुलडाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचावर आहे. मलकापूर, शेगाव खाली पूर्णेच्या खोऱ्यात, अडीचशे-तीनशे मीटरच्या आसपास. शंभर मीटर वर गेले की हवा साधारण अर्ध्या अंशाहून थोडी जास्त थंड होते, म्हणून घाटावर आणि घाटाखाली सहज दोन अंशांचा फरक पडतो. आपण अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या अंगाखांद्यावरचे, घाटावरचे लोक. दिवसा थोडे सुसह्य, रात्री जास्त गार.

आता पावसाचे. नैर्ऋत्य मोसमी वारे पश्चिम राजस्थानातून सर्वसाधारणपणे १७ सप्टेंबरच्या सुमारास माघारी फिरू लागतात आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात आपल्याकडून निघतात. जाताना ढग हटतात, ऊन थेट पडते, पण जमीन अजून ओली असते. त्या ओलीची वाफ हवेत राहते. अशा दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. ऑक्टोबर हीट म्हणतात ती हीच. मे महिन्यात आपण सावध असतो, डोक्याला फडके बांधतो. ऑक्टोबरात तेवढे मनावर घेत नाही, शिवाय सोंगणी गुत्त्याने घेतलेली असते. एकर लवकर उरकायचा म्हणून बाया पाणीही प्यायला थांबत नाहीत. लघवीला जायला आडोसा नाही म्हणून मुद्दाम कमी पिणाऱ्याही मी पाहिल्या आहेत. मग लघवीची जळजळ, पोटऱ्यांत गोळे, चक्कर. गुत्ता ठरवतानाच पाणी आणि आडोसा मागून घ्यावा. मुकादमाला जड वाटले तरी मागावा.

घरून निघताना एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून न्या. चमचा चहाचा. माप चुकवू नका, मीठ जास्त झाले तर लहान मुलांना अपाय होतो. कोणी असंबद्ध बोलू लागले, अंग चटका बसेल इतके तापले, तर तो उष्माघात समजा. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

दुपारच्या या तापलेल्या, दमट हवेतूनच सायंकाळचे ढग उभे राहतात. परतीचा पाऊस थोडा वेळ पडतो पण विजा घेऊन येतो, आणि नेमक्या त्याच वेळी आपली माणसे वावरात, सुडी झाकायच्या धावपळीत असतात. वीज चमकल्यावर तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. ताडपत्री सोडा आणि पक्क्या घरात जा. झाडाखाली कधीच नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. दामिनी हे ॲप जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना देते, टोळीतल्या एकीच्या तरी मोबाईलमध्ये असू द्या.

वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर झटका बसतो, ही समजूत चुकीची आहे. त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबत राहा, मदत येईपर्यंत. यात वेळीच हात लावल्याने माणूस परत येऊ शकतो.

आणि मनावर दगड ठेवून लिहिते: माणूस गेलाच तर घाईने अंत्यविधी उरकू नका. पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन झाल्याशिवाय नुकसानभरपाईचे प्रकरण उभेच राहत नाही. वीज पडून झालेल्या मृत्यूसाठी वारसांना शासनाची चार लाख रुपयांची मदत आहे. तलाठ्याला लगेच कळवा, अर्ज तहसीलदारांकडे. कागद नाही म्हणून हात हलवत परतलेले घर मला माहीत आहे.

रात्रीचे वेगळेच. ढग नसले की जमिनीची ऊब सरळ आकाशात निघून जाते. गार हवा जड असते, ती उतारावरून ओघळत नाल्यात, खोलगट जागेत साचते. आपल्या किती वस्त्या गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याकाठी आहेत ते तुम्हीच पाहा. दुपारी तापलेला पत्रा पहाटे तितकाच गार पडतो. रात्रपाळीला असताना मी पाहिले आहे, ऑक्टोबरात धाप लागलेली म्हातारी माणसे पहाटे चारनंतर येऊ लागत. दमेकऱ्यांनी पंप उशाशी ठेवावा. तान्ह्या बाळाला पहाटे टोपी आणि आईची ऊब, दुपारी मात्र एकच पातळ कपडा. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जाणाऱ्यांनीही दिवसाच्या उकाड्यावर जाऊ नये. उघड्यावर झोपावे लागते, पिशवीत एक चादर जास्त घ्या.

या दिवसांत ताप आला तर "हवा बदलली" म्हणून बसू नका. साठवलेल्या पाण्यातल्या डासांनी डेंग्यू होतो, म्हणून रांजण आठवड्यातून एकदा घासून कोरडा करा. गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्याने स्क्रब टायफस होतो. २०१८ मध्ये विदर्भात त्याने माणसे दगावली. काखेत, जांघेत, कमरेला सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली आहे का पाहा, आणि असेल तर डॉक्टरांना ती स्वतःहून दाखवा. बाया संकोचाने दाखवत नाहीत, आणि हा आजार वेळेत ओळखला तर साध्या, स्वस्त गोळ्यांनी बरा होतो. ताप दोन दिवसांहून जास्त राहिला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासा. तोवर पॅरासिटामॉल चालेल, अंगदुखीच्या दुसऱ्या गोळ्या दुकानातून आणून घेऊ नका, डेंग्यूत त्यांनी रक्तस्राव वाढतो.