मातीविना शेती : फळातील साखर आणि अन्नद्रव्यांचा समतोल

भूमिहीनता हा आपल्या समाजाचा जुना प्रश्न आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले व त्यांत असंख्य स्त्री-पुरुषांनी तुरुंगवास पत्करला. जमिनीच्या हक्काला दुसरा पर्याय नाही, हे आम्ही आरंभीच नमूद करतो. तथापि ज्या कुटुंबाजवळ केवळ घराची गच्ची आहे, त्यालाही मातीविना शेती, म्हणजे हायड्रोपोनिक्स, करता येते. या शेतीविषयी पालक व माजी विद्यार्थी आमच्याकडे जी विचारणा करतात, तीत एक प्रश्न हमखास असतो : फळ गोड होण्यासाठी पाण्यात काय घालावे? बाजारात या प्रश्नाची महागडी उत्तरे बाटल्यांत भरून विकली जातात. कष्टाचा पैसा त्यांत जाऊ नये, यासाठी हा पाठ.

साखर कोठे तयार होते?

वनस्पतीची साखर पानात तयार होते. मुळांवाटे आलेले पाणी आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड यांपासून, सूर्यप्रकाश व हरितद्रव्य यांच्या साहाय्याने, पान शर्करा बनवते. ती रसवाहिन्यांतून फळाकडे जाते. मूळ साखर पुरवत नाही, उलट पानाकडून घेते. म्हणून टाकीत गूळ किंवा साखर घातल्याने फळ गोड होत नाही. जीवामृतात गूळ घालतात हे खरे, परंतु तो मातीतील सूक्ष्मजीवांचे खाद्य म्हणून. पोषक द्रावणात तोच गूळ जिवाणूंची बेसुमार वाढ करतो, ते पाण्यातील प्राणवायू संपवतात आणि मुळे कुजतात.

द्रावणाचे कार्य मग काय? पानाचा कारखाना अखंड चालेल व तयार माल फळापर्यंत पोहोचेल, एवढी सामग्री पुरवणे.

समतोल म्हणजे काय?

वनस्पतीला १७ मूलद्रव्ये आवश्यक मानली जातात. त्यांपैकी कार्बन, हायड्रोजन व प्राणवायू ही हवा आणि पाण्यातून मिळतात. उरलेली १४ द्रावणातून द्यावी लागतात. नत्रामुळे पाने व फांद्या वाढतात. ते अति झाले, तर तयार झालेली साखर नव्या पालवीतच खर्च होते व फळ पाणचट राहते. मॅग्नेशियम हा हरितद्रव्याच्या रेणूचा केंद्रबिंदू आहे. पानातील साखर रसवाहिनीत चढवण्यास पालाश साहाय्य करते. फळधारणेनंतर नत्र थोडे कमी व पालाश थोडे अधिक ठेवतात, ते याच कारणाने.

परंतु येथेही मर्यादा आहे. पालाश फार वाढवले, तर मुळे कॅल्शियम व मॅग्नेशियम पुरेसे घेत नाहीत. कॅल्शियम फळापर्यंत कमी पोहोचले, की टोमॅटोचा खालचा भाग काळा पडतो. भगवान बुद्धांनी सोण स्थविरांना वीणेच्या तारांचा दृष्टान्त दिला होता : तार फार ताणलेली नको, फार सैलही नको. पोषक द्रावणालाही तोच नियम लागू पडतो.

अन्नद्रव्य असणे आणि ते मिळणे यांतही भेद आहे. आपल्या भागातील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लोह असूनही संत्र्याची कोवळी पाने पिवळी पडतात व शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जमिनीचा सामू अधिक असल्याने ते लोह मुळांना घेता येत नाही. टाकीतही असेच घडते. म्हणून द्रावणाचा सामू ५.५ ते ६.५ च्या दरम्यान ठेवावा. बोअरचे पाणी बहुधा जड असते, त्यामुळे सामू वर सरकतो. असे पाणी वापरण्यापूर्वी तपासून घ्यावे.

द्रावणातील क्षारांचे एकूण प्रमाण विद्युतवाहकतेवरून कळते. पालेभाज्यांसाठी ती साधारणपणे १.२ ते १.८ आणि टोमॅटोसाठी २ ते ३ मिलिसीमेन्स प्रति सेंटीमीटर ठेवतात. ती वाढवली, की फळात पाणी कमी जाते व गोडी वाढल्यासारखी वाटते. मात्र फळे लहान होतात आणि उत्पन्न घटते. हा उपाय जपूनच करावा. कॅल्शियम नायट्रेटचे तीव्र द्रावण सल्फेट व फॉस्फेटच्या तीव्र द्रावणात कधीही मिसळू नये. त्यांचा साका तळाशी बसतो व अन्नद्रव्ये वाया जातात. दोन्ही वेगळी ठेवून एकेक करून भरपूर पाण्यात घालावीत.

नागपूरचे ऊन

आपल्याकडे मे महिन्यात तापमान ४५ अंशांपर्यंत जाते. २० अंश तापमानाच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर ३० अंशांवर सुमारे साडेसात. मुळे गुदमरली, तर उत्तम द्रावणही व्यर्थ ठरते. कडक उन्हात पानांची रंध्रे मिटतात व साखर कमी बनते. रात्रीही उष्मा राहिला, तर बनलेली साखर श्वसनात खर्च होते. टाकी सावलीत ठेवावी, पांढऱ्या रंगाने झाकावी आणि पंपाने हवा खेळती ठेवावी. गोड फळांचा हंगाम हिवाळ्यात येईल अशी लागवड करावी. कोणत्याही बाटलीपेक्षा याचा लाभ अधिक होतो.

मोजून पाहा

कालामांना तथागतांनी सांगितले, की केवळ परंपरा आहे किंवा कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून पाहा. गोडीच्या बाबतीत ही पारख रिफ्रॅक्टोमीटरने होते. रसाचा एक थेंब काचेवर ठेवून उजेडाकडे पाहिले, की ब्रिक्स अंश दिसतो. १०० ग्रॅम द्रावणात १ ग्रॅम साखर म्हणजे १ अंश ब्रिक्स. फळाच्या रसात आम्ल व क्षारही असल्याने हा आकडा केवळ साखरेचा नसतो. जिभेला जाणवणारी गोडी साखर व आम्ल यांच्या प्रमाणावर अवलंबून असते. साध्या टोमॅटोचा ब्रिक्स बहुधा ४ ते ५ असतो. बाटली विकत घेण्यापूर्वी दोन सारखी रोपे लावावीत, एकाला ते औषध द्यावे, दुसऱ्याला देऊ नये आणि दोन्हींच्या फळांची संख्या, वजन व ब्रिक्स वहीत लिहावे. निर्णय त्या वहीवरून घ्यावा.

यासाठी मोठे भांडवलही लागत नाही. १९४६ साली शोल्टो डग्लस यांनी बंगालमधील कालिम्पोंग परिसरात मातीविना शेतीचे प्रयोग सुरू केले. वाळू, खडी यांसारख्या साध्या साहित्यावर आधारलेली त्यांची रीत ‘बंगाल पद्धत’ म्हणून ओळखली जाते. आपल्या मुलांनीही जुनी बादली, धुतलेली वाळू आणि चार रोपे यांपासून आरंभ करावा. चार रोपांची वही नीट लिहिता आली, की मग चाळीस रोपांचा खर्च करावा, असे आम्ही पालकांना सुचवतो.