वाघाची भीती आणि खर्र्याची तलफ

आमच्या सिंदेवाहीत दोन गोष्टी कुणाला शिकवाव्या लागत नाहीत: वाघाला भिणं आणि खर्रा घोटणं. 10 मे 2025 ला आमच्या तालुक्यातल्या मेंढा-मालच्या तीन बायका तेंदूपत्ता तोडायला गेल्या आणि वाघाच्या हल्ल्यात मारल्या गेल्या. त्यानंतर जंगलात नुसतं पान वाजलं तरी छाती धडधडते, यात नवल नाही. पण पन्नीत खर्रा घोटल्याचा आवाज आला की काही जणांच्या तोंडाला पाणी सुटतं, त्यामागेही मेंदूतली बरीचशी तीच रसायनं आहेत, हे वाचून मी चाटच पडलो.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना हे सोपं जाईल. मेंदूतल्या दोन पेशी जिथे जुळतात त्या सिनॅप्सवर एनएमडीए नावाचा रिसेप्टर असतो. तो चक्क अँड गेट आहे! ग्लुटामेट येऊन चिकटलं पाहिजे आणि त्याच वेळी पेशी उत्तेजित असली पाहिजे; तेव्हाच दारात अडकलेला मॅग्नेशियमचा बोळा निघतो आणि कॅल्शियम आत शिरतं. पान वाजणं हा एक इनपुट, वाघ हा दुसरा. मग एन्झाइम्स जागी होतात, निरोप पेशीच्या केंद्रकात जातो, तिथे क्रेब नावाचं प्रोटीन जीन्स सुरू करतं, नवी प्रोटीन्स बनतात आणि जोडणी पक्की होते. भीतीचं हे काम मुख्यतः अमिग्डाला या बदामाच्या आकाराच्या भागात चालतं.

खर्र्यातलं निकोटीन मागच्या दारानं येतं. ते अॅसिटिलकोलीनच्या रिसेप्टरवर बसतं आणि डोपामिन सुटतं. डोपामिन म्हणजे मजा असं आपण समजतो, पण ते 'हे लक्षात ठेव' असा शिक्काही मारतं. पुढे पुन्हा क्रेब, पुन्हा पक्की जोडणी. फक्त वाघाच्या जागी पानठेला, जेवणानंतरची वेळ आणि ठरलेले मित्र. (आठवणीच्या रेणूंवर काम करणारे एरिक कँडेल आणि डोपामिनवाले आर्विद कार्लसन यांना 2000 चं नोबेल पॉल ग्रीनगार्ड यांच्यासोबत एकत्रच मिळालं.)

आता मुद्द्याचं. खर्रा सोडला म्हणून आठवण पुसली जात नाही. कपाळामागचा कॉर्टेक्स जुन्या फाइलवर 'थांब' अशी नवी फाइल ठेवतो, जुनी डिलीट होत नाही. आणि ही नवी फाइल जागेला बांधलेली असते. म्हणून सुटीत महिनाभर घरी खर्रा न खाणारा पोरगा कॉलेजच्या स्टॉपवर उतरल्या उतरल्या पुडी मागतो. त्याला 'विल पॉवर नाही' म्हणून हिणवणारेच त्याच्यासमोर घोटत बसतात, याचा मला राग येतो.

2000 सालीच करीम नादेर आणि जोसेफ लेडू यांच्या गटानं उंदरांवर दाखवलं की जागी केलेली भीतीची आठवण थोडा वेळ कच्ची होते. तेव्हाच अमिग्डालात नवी प्रोटीन्स बनू दिली नाहीत, तर ती पुढे टिकत नाही. पण तसलं इंजेक्शन काही आपल्या मेडिकलवर मिळत नाही. तोवर ठेल्याचा रस्ता बदला, रूममेट सोडत असेल तर पन्नी बाहेर ठेवा, आणि तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी हेल्पलाइन 1800-11-2356 मेसच्या भिंतीवर लिहून टाका. फोन फुकट आहे.