ई-मेल व्यवस्थेची अंगे

टपालपेटीत टाकलेले पत्र अनेक हातांतून जाऊन पत्त्यावर पोहोचते. ई-मेलचेही तसेच आहे. कळ दाबताच संदेश थेट समोरच्याच्या संगणकात जाऊन पडतो, ही समजूत बरोबर नाही.

पत्ता व प्रेषण

१९७१ मध्ये अमेरिकेतील अभियंते रे टॉमलिन्सन यांनी अर्पानेट या जाळ्यावर ई-मेलचा प्रयोग केला व पत्त्यात @ हे चिन्ह योजिले. चिन्हाच्या डावीकडे व्यक्तीचे वा कार्यालयाचे नाव, तर उजवीकडे डोमेन, म्हणजे तिचे जणू टपाल कार्यालय असते. लिहिलेला संदेश प्रथम पाठविणाऱ्याच्या सर्व्हरकडे जातो. त्या डोमेनचे टपाल कोणता सर्व्हर स्वीकारतो, हे तो डीएनएस या नामसूचीस विचारतो व संदेश तिकडे सोपवितो. या देवघेवीचे नियम, म्हणजेच एसएमटीपी, १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. पलीकडील सर्व्हर बंद असल्यास संदेश रांगेत ठेवून पुनःपुन्हा प्रयत्न केला जातो. तरीही यश न आल्यास पाठविणाऱ्यास तशी सूचना मिळते.

पेटी व वाचन

स्वीकारणारा सर्व्हर संदेशाची छाननी करून तो पेटीत ठेवतो. तेथून वाचण्याच्या दोन पद्धती आहेत. पीओपी पद्धतीत पत्रे आपल्या संगणकावर उतरवून घेतली जातात. आयमॅप पद्धतीत ती सर्व्हरवरच राहतात. त्यामुळे कार्यालयात व घरी तीच पेटी दिसते.

पाकीट व पत्र

या व्यवस्थेत पाकिटावरील पत्ता व पत्रातील ‘प्रेषक’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूळ नियमांत प्रेषकाच्या खरेपणाची तपासणी नव्हती. फसवणूक करणारे याच उणिवेचा लाभ घेतात. पुढे एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या तपासण्यांची भर पडली. पहिली तपासणी सर्व्हर अधिकृत आहे काय ते पाहते, दुसरी संदेशावरील डिजिटल सही पडताळते. प्रेषकाचे डोमेन यांच्याशी जुळत नसेल, तर काय करावे हे तिसरी सांगते. मात्र या तपासण्या डोमेनची खात्री देतात, पडद्यावर झळकणाऱ्या नावाची नव्हे.

म्हणून बँकेचे वा कार्यालयाचे नाव दिसले तरी @ नंतरची अक्षरे शेवटापर्यंत वाचावीत. भारतातील शासकीय पत्ते सामान्यतः ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ असे संपतात. ही अक्षरे मध्येच येऊन पुढे दुसरेच काही असेल, तर तो पत्ता शासनाचा नव्हे. पासवर्ड वा बँकेचा तपशील मागणाऱ्या ई-मेलला तर उत्तरच देऊ नये.